ओल्या गोणपाटाखालचा पाला

भोकरदनच्या एका कॉलेजात मी वाणिज्य शिकवतो आणि दरवर्षी शेवटच्या वर्षाच्या पोरांकडून एक फॉर्म भरून घेतो. फॉर्म माझाच. वडील काय करतात, घरात कोणी धंदा करतं का, शिक्षण झाल्यावर स्वतःचा व्यवसाय सुरू करावासा वाटतो का. वाटत असेल तर कोणामुळे, नसेल तर कशामुळे. शेवटच्या प्रश्नाखाली दोन ओळी मोकळ्या सोडलेल्या. शिकल्यासवरल्या पोरांना धंद्याची ओढ कशाने लागते आणि कशाने तुटते, हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे. पूर्वी फॉर्म वाटून झाले, की मी खिडक्या लावून घ्यायचो आणि पेनांची बारीक खरखर ऐकत खुर्चीत बसून राहायचो. त्यात एक सुख होतं. आता ती खरखर सुरू झाली, की मी व्हरांड्यात जाऊन उभा राहतो. पोरांना वाटतं, सरांचा आपल्यावर फार विश्वास आहे.

धंद्याबद्दल बोलायचा मला अधिकार काय, असं कोणी विचारलं तर माझी पंचाईत होते. माझे अब्बा कुंभार पिंपळगावच्या आठवडी बाजारात शिवलेले कपडे विकायचे. घरात आम्ही उर्दू बोलायचो, दुकानावर मराठी. अब्बांजवळ एक पितळी डबी होती, एका बाजूला तंबाखू आणि दुसऱ्या बाजूला चुना. गिऱ्हाइकाने भाव पाडून मागितला, की अब्बा काही न बोलता डबी उघडायचे, तळहातावर तंबाखू मळायचे, वरून दोन थापा मारून धूळ उडवायचे, चिमूट ओठात ठेवायचे आणि मग उत्तर द्यायचे. तोवर गिऱ्हाईक निम्मं नरम झालेलं असायचं. त्यांच्या मागे डबी माझ्याकडे आली. मळणं आलं, थाप आली. धंदा तेवढा आला नाही. नोकरीचा कागद हातात पडला तेव्हा घरात सगळ्यात जास्त हायसं कोणाला वाटलं असेल, तर ते मला. तरीही मी वर्गात छाती काढून सांगतो, की नोकरी मागणारे होऊ नका, नोकरी देणारे व्हा.

एका वर्षी हे वाक्य संपायच्या आत खिडकीजवळच्या बाकावरून एक मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, मंग तुम्ही का न्हाई केला धंदा?"

वर्ग हसला. मला राग आला आणि तो मी लपवला नाही. तिला खाली बसवलं. त्या आठवड्यात फॉर्म आले, तेव्हा तिचा मी मुद्दाम वर काढला. व्यवसाय करायचा आहे का? हो. कोणामुळे? तिथे तिने लिहिलं होतं, "आळ्यांमुळे."

चेष्टा केली असेल म्हणून मी तिला बोलावून घेतलं. चेष्टा नव्हती. मावसबहिणीच्या सासरी तिने रेशमाच्या अळ्यांचं शेड पाहिलं होतं. पाहिलं म्हणण्यापेक्षा ऐकलं होतं. हजारो अळ्या एकाच वेळी तुतीचा पाला खातात तेव्हा पाऊस पडल्यासारखा आवाज येतो, आणि तो आवाज आपल्या शेतात असावा असं तिला वाटलं होतं. एवढंच कारण. माझ्या फॉर्मात अशा कारणासाठी चौकट नव्हती. घरचं चांगलं होतं तिचं. टेंभुर्णीच्या अलीकडे पिढ्यान्‌पिढ्यांची जमीन, विहिरीला पाणी, गावात शब्दाला मान. वडिलांनी आधी नाही म्हटलं, मग एक अट घातली. एक बॅच करायची. कोष चांगले निघाले तर शेड तिचं, त्यात कोणी बोलणार नाही. न्हाई तर मुकाट्याने पुण्याला चुलतबहिणीजवळ राहून सरकारी परीक्षांचा क्लास लावायचा. तिथली खोलीसुद्धा बघून ठेवलेली होती.

खरं सांगायचं तर मला ती मुलगी आवडायला लागली ती या अटीमुळे. अब्बांनी मला अशी अट घातली असती, तर मी बॅचच्या आधीच पुण्याची गाडी पकडली असती.

शेतात तुती लागली, पत्र्याचं शेड उभं राहिलं. अळ्या मोठ्या झाल्या, कोष करायला शेवटचे सात-आठ दिवस उरले, तेव्हा सगळा वर्ग शेडवर न्यायची कल्पना माझी. ती जरा घुटमळली. इतकी माणसं नकोत सर, त्यांना त्रास होतो, म्हणाली. मी म्हटलं, पाच-पाच जण आत सोडू, कोणी हात लावणार नाही. तुला पाहून दहा जण तरी उभे राहतील. ती तयार झाली. माझ्या शब्दाला तिने नाही म्हणायला हवं होतं, असं मला आजही वाटतं, आणि तिच्यावर ढकलतोय म्हणून स्वतःची लाजही वाटते.

आम्ही पोचलो तेव्हा दुपारचे बारा वाजले असतील. ऊन असं, की पत्र्याकडे पाहवत नव्हतं. शेडच्या दारात तिने सगळ्यांना उभं करून नियम सांगितले. चपला बाहेर, पाय चुन्याच्या भुकटीत, हात औषधाच्या पाण्यात. अत्तर, पावडर लावलेल्यांनी आत यायचं नाही. "आणि तंबाखू तर बिलकुल न्हाई. नुसता वाससुद्धा त्यांना सोसत न्हाई." सगळ्यांनी मान हलवली. मीही हलवली. डबी पँटच्या खिशात मांडीला लागत होती. मी हात दोनदा धुतले, हे मला अगदी स्पष्ट आठवतं. पुढे कितीतरी दिवस मी तेवढंच आठवत राहिलो.

पहिल्या पाच जणांत मी होतो. बाहेर रखरखीत ऊन आणि आत पाऊस. मी खरोखर वर पत्र्याकडे पाहिलं. मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना वरपासून खालपर्यंत कप्पे, कप्प्यांत फांद्या, आणि फांद्यांवर बोटाएवढ्या पांढऱ्या अळ्या, एकीवर एक. सगळं हलत होतं आणि तरीही नेमकं काय हलतंय ते डोळ्यांना पकडता येत नव्हतं. मी डाव्या बाजूच्या कप्प्यासमोर जरा वाकलो, आणि तिथला आवाज थांबला. फक्त तिथला. उजवीकडे पाऊस चालू, माझ्यासमोर शांत. कितीतरी अळ्यांनी अंगाचा पुढचा भाग वर उचलला होता आणि त्या तशाच थांबल्या होत्या. त्यांना डोळे म्हणावेत असे डोळे नसतात, हे मी नंतर वाचलं. तेव्हा मला वाटलं, त्या मला बघून राह्यल्या आहेत. मी मागे सरलो, तसा आवाज पुन्हा सुरू झाला.

"नवीन माणूस कळतो त्यांना," ती हळूच म्हणाली. मी हसलो, पण पुन्हा त्या कप्प्याकडे वाकलो नाही. मी बाहेर आलो.

शेडला लागूनच कुडाची एक खोली होती. तिथे संध्याकाळचा पाला ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवलेला असायचा. पाला तोडायला गावातली एक बाई होती, पन्नाशीची, सगळे तिला मावशी म्हणत. तिनेच मला तिथे बसवलं, पाण्याचा तांब्या दिला आणि पोरांच्या चहाचं बघायला निघून गेली. मिश्री लावून काळे पडलेले तिचे दात मला तेवढ्यातही दिसले, कारण ती हसताना पदर तोंडावर घ्यायची आणि लक्ष नेमकं तिथेच जायचं.

आत थंडावा होता. मी गोणपाटाची एक कड उचलली आणि कोपरापर्यंत दोन्ही हात पाल्यात घातले. उन्हातून आलेल्या माणसाला त्याची मजा सांगता येणार नाही. मग मी ढिगाजवळच बसलो. भिंतीपलीकडे तो पाऊस चालूच होता, आणि एकटा बसून तो ऐकणं मला सहन होईना. हात आपसूक खिशात गेला. मी डबी उघडली, चुना घेतला, मळलं आणि दोन थापा मारल्या. वर्गात फळा पुसल्यावर हात झटकतो, त्याहून जास्त लक्ष मी त्याकडे दिलं नाही. कुडाच्या फटीतून उन्हाची तिरीप आली होती. तिच्यात ती बारीक धूळ उडाली, क्षणभर तरंगली आणि खाली बसली. ती कुठे बसली हे मी पाहिलं होतं. पाहूनही मला काही वाटलं नाही. पाचपाचांचे गट आत-बाहेर होईपर्यंत मी आणखी एकदा मळली. शेवटी पोरांनी फोटोसाठी हाक मारली, तेव्हा मी त्याच हातांनी पाल्याचा मोठा भारा छातीशी धरला आणि हसत उभा राहिलो. फोटो झाल्यावर भारा परत ढिगावर टाकला.

दुपारी तिथेच लिंबाखाली बसून पोरांनी फॉर्म भरले. बहुतेकांनी हो लिहिलं. एकाला शेळीपालन करायचं होतं, एकीला मसाल्याची गिरणी. मी तर हवेतच होतो. निघताना तिच्या आईने शेडच्या दारात मीठमोहऱ्या ओवाळल्या आणि दूर चुलीत नेऊन टाकल्या. एवढ्या डोळ्यांनी पाहिलं, दृष्ट लागते, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉलेजला निघालो होतो, तेव्हा तिचा फोन आला. ती रडत नव्हती. फक्त म्हणाली, "सर, आवाज बंद झाला."

मी मोटारसायकल काढली. अंगणात तिचे वडील, आई, गावातली चार माणसं उभी होती. मला कोणी पाय धुवायला सांगितलं नाही. आत गेलो. उजवीकडे आवाज होता, पण विरळ. डावीकडे काहीच नव्हतं. अळ्या मेलेल्या असत्या तरी बरं झालं असतं. त्या जिवंत होत्या. सगळ्यांनी माना वर काढल्या होत्या आणि त्या माना डोलत होत्या, हळूहळू, इकडून तिकडे, वरच्या कप्प्यापासून खालच्या कप्प्यापर्यंत. तोंडातून हिरवट पाणी गळत होतं. हजारो जीव तोंड उघडून काहीतरी सांगतायत आणि आवाज तेवढा निघत नाही, असं ते होतं. मी कितीतरी वेळ उभा राहिलो. कोणत्याही कप्प्यासमोर गेलो तरी त्या थांबल्या नाहीत. आता त्यांना माणूस कळत नव्हता.

रेशमाच्या कामातला जाणकार माणूस जालन्याहून आला. त्याने एक अळी तळहातावर घेतली, वास घेतला आणि विचारलं, काल संध्याकाळी डावीकडे कोणता पाला टाकला? खोलीतला, ती म्हणाली. उजवीकडे शेतातून ताजा तोडलेला. तो म्हणाला, मंग पाल्यालाच तंबाखू लागलीय. हा रोग न्हाई. तंबाखू खाणारं कोण आहे घरात?

घरात कोणीच नव्हतं. तिचे वडील माळकरी. सगळ्यांच्या माना एकदम मावशीकडे वळल्या. तिने पदर तोंडावर घेतला, आणि तेच तिला भोवलं. मिश्री म्हणजे तंबाखूच. वडील फार ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "उद्यापासून येऊ नको." ती म्हणाली, हात धुतल्ते मालक, दोनदा धुतल्ते. माझेच शब्द. माझ्या मनातले शब्द तिच्या तोंडून ऐकले आणि माझा हात खिशाकडे गेला.

खिशात डबी नव्हती.

कालच्या आनंदात ती आठवलीही नव्हती. मी कुडाच्या खोलीकडे पाहिलं. तिथे जायचा धीर झाला नाही. एक वाक्य बोलायचं होतं, सहा-सात शब्दांचं. मी तोंड उघडलं आणि बंद केलं. मग तिच्या वडिलांना म्हणालो, "होतं असं, धंद्यात." आयुष्यात मी इतकं नीच दुसरं काही बोललो नाही.

उजवीकडच्या अळ्यांनी कोष केले, पण तेही पातळ. वडिलांनी शब्द पाळला आणि तिनेही पाळला. वर्षाच्या शेवटी मी फॉर्म पुन्हा भरून घेतले. शेळ्या गेल्या, गिरणी गेली. कशामुळे, याच्यापुढे पोरांनी लिहिलं होतं: घरचे नाही म्हणतात, नशीब लागतं, नजर लागते. तिच्या फॉर्मात त्या दोन ओळी कोऱ्या होत्या. त्यावर मी एक निबंध लिहिला. अपयशाची भीती हे विद्यार्थ्यांच्या अनास्थेचं प्रमुख कारण आहे, असं त्यात लिहिलं. एका चर्चासत्रात तो वाचला, आणि लोकांनी मान डोलावली. समोरच्या रांगांतल्या त्या डोलणाऱ्या माना पाहून मी मधलं एक पान वाचायचं विसरलो. वर्गातली पेनांची खरखर मला सोसेनाशी झाली ती त्यानंतर. तंबाखू मात्र सुटली. सोडावी लागली नाही. मळायला घेतली, की तळहात गार पडायचा.

तीन वर्षांनी ती कॉलेजात आली. एका सरकारी कार्यालयात लागली होती, केस नीट बांधलेले, खांद्याला पर्स. स्टाफरूममध्ये दुसरं कोणी नव्हतं. तिने पर्समधून अब्बांची डबी काढली आणि टेबलावर माझ्यासमोर ठेवली. पितळ घासून लख्ख केलेलं होतं.

"त्याच दिवशी सापडल्ती," ती म्हणाली. "तुम्ही सगळे गेल्यावर. पाल्याच्या कडेला."

मग पाला टाकला कसा, असं मी विचारलं.

ती म्हणाली, डबी बंद होती. सर डबी विसरले, उद्या देऊ, एवढंच तेव्हा मनात आलं. तुम्ही पाल्याजवळ मळली असेल हे डोक्यातच आलं नाही. तुम्ही मान हलवली होती ना, सर. सकाळी कळलं. तो माणूस विचारत होता तेव्हा डबी तिच्या ओढणीच्या गाठीत होती.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलताल म्हणून थांबले," ती म्हणाली. "मंग मावशी निघून गेली. मंग उशीर झाला." मग ती म्हणाली, की त्या दिवशी अळ्यांचं वाईट वाटलं, पण धंद्यावरून मन उडालं ते त्यामुळे नाही. बोलायची वेळ आली तेव्हा आपणही गप्प बसलो, सरांसारखेच, हे कळलं म्हणून उडालं. असल्या माणसाने नोकरीच करावी. हे ती चिडून बोलली असती तर मला सोपं गेलं असतं.

मावशी कुठे असते, ते तिला माहीत होतं. त्याच दिवशी आम्ही दोघं गेलो. वाटेत तिचं शेड लागलं. त्यात आता कडबा भरला आहे. दोघांनीही तिकडे पाहिलं नाही.

मावशी दारात लसूण सोलत होती. आम्हाला पाहून उठली, घोंगडी अंथरली, पाणी दिलं. या वेळी हसताना तिने पदर घेतला नाही. दात जवळजवळ स्वच्छ झाले होते. मिश्री त्याच दिवशी सोडली, म्हणाली. पाल्याचं काम पुन्हा कोणी दिलं नाही, कापूस वेचायला जाते. पापच झालं ना ताई माझ्या हातून, तुमचं पुण्याला जाणं त्याच्यापायी झालं. मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी डबी काढून घोंगडीवर ठेवली आणि ते वाक्य बोललो. तीन वर्षांत ते मनात इतकं मोठं झालं होतं, आणि तोंडातून निघाल्यावर अगदीच लहान वाटलं. "मावशी, तंबाखू माझी होती. पाल्याजवळ मीच मळली."

ती रागावेल, रडेल, हाकलून देईल, सगळ्याची तयारी मी केली होती. ती नुसती डबीकडे पाहत राहिली. लसणाची पाकळी बोटांत तशीच होती.

"तुमचा हात व्हता," ती म्हणाली. "मंग आवाज मला का येतो, सर? तीन वर्सं झाली. पाऊस न्हाई, पाणी न्हाई, आन्‌ दुपारचं पत्र्यावर सुरू व्हतं. मी आंगणात येऊन बघते, तर कोरडं. मला वाटायचं, आपण मारल्या म्हणून येतो. मी न्हाई मारल्या, तर मला का येतो?"

मुलगी खाली पाहत होती. वर बारीक सर आल्यासारखं वाटलं म्हणून मी पत्र्याकडे पाहिलं, आणि मी पाहतोय हे मावशीने पाहिलं. मग तीही वर पाहू लागली. बाहेर कडक ऊन होतं.